चवळीखाऊ बाईचं पुस्तक

४ डिसेंबर

पुस्तक परत आलं. आत चवळीचा दाणा घालून!

आसितान घेऊन आली, दवाखान्यातून घरी जाता जाता. टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सानाबा मावशी, बाबांचा निरोप आहे. त्या चवळीखाऊ बाईला सांग, पुस्तकात तुझं जेवण राहिलंय."

मी खो खो हसले. मग बघितलं तर पोरगी हसत नव्हती. डोळे सुजलेले.

कालच मी ते पुस्तक तिच्या बापाला दिलं होतं. 'तेनिनची होडी'. लिहिलंय सेगूच्या कुणा सिरान तांगारानं, पण पुस्तक माझंच! या वाचनघरात पाच कपाटं आहेत. आग लागली तर मी एवढं एकच उचलून पळेन. आणि त्यानं ते उघडलंसुद्धा नाही. दाणा घालण्यापुरतं उघडलं असेल तेवढंच.

कुठल्या तोंडानं हसले मी! आसितानला सिकासोच्या मोठ्या दवाखान्यात सुईणीची जागा मिळालीय. फेब्रुवारीच्या आत हजर व्हायचंय. आणि बाप? रेल्वे बंद झाली, पाठोपाठ बायको गेली, तेव्हापासून आमचा स्टेशनमास्तर अंगणातल्या खुर्चीत बसलाय तो बसलाच. रुळांकडे तोंड करून. ती वाढेल तेव्हा खातो, ती सांगेल तेव्हा आंघोळ करतो. ही गेली की तो संपला. म्हणून ही जाणार नाही.

दिवसभरात तो एकच वाक्य बोलतो म्हणे — "या गावात वाचायला काही नाही."

मी म्हटलं, रडू नकोस. अजून काहीतरी मागतोय ना माणूस? मग अजून आशा आहे. त्याला पुस्तक मी देईन. मी! किता गावच्या वाचनघराची किल्ली उगाच नाही माझ्या कमरेला.

५ डिसेंबर

चूक माझीच. देताना जीभ आवरली नाही.

आम्ही दियारा कुळातले, मास्तर त्राओरे कुळातला. वाडवडिलांपासूनचं थट्टेचं नातं. त्यांनी आम्हाला चवळीखाऊ म्हणायचं, आम्ही त्यांना. आम्ही म्हणायचं तू माझा गुलाम, ते म्हणणार तू माझी. राग धरायचा नाही, वय बघायचं नाही — एरवी वडीलधाऱ्यांना मी अहो-जाहो करते, पण त्राओरे सत्तरीचा असला तरी अरे-तुरेच! आणि समोरच्याचा एक शब्द खरा मानायचा नाही, हेही ओघानं आलंच.

परवा पुस्तक हातात देताना मी काय म्हटलं? "घे, यात तुमच्या कुळातला एक राजा आहे, शेवटी त्याला शेपूट फुटतं."

झालं. त्याला वाटलं, पुस्तक म्हणजेच थट्टा!

हे आमच्याच लोकांना जमतं. जीव तोडून द्यायची वस्तू, ती चिमटा काढत द्यायची.

९ डिसेंबर

स्वतः गेले. त्राओरे खुर्चीत. अंगावर घोंगडी, पायाशी धूळ. वाळवंटाकडचा वारा सुटलाय, सगळं गाव पिठाच्या गिरणीसारखं दिसतंय. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आली का माझी गुलाम? अंगण झाडून जा."

"तुझं अंगण झाडायला चवळी किती देशील?"

"मूठभर. तेवढ्यावर तुमचं कूळ आठवडाभर नाचतं."

चला, जीभ जिवंत आहे! मी पुस्तक मांडीवर ठेवलं. शहाणपणा सुचला — उलटं बोलावं. म्हटलं, "खरं तर हे तुझ्यासाठी नाहीच. अवघड आहे. त्राओरे लोकांना झेपायचं नाही."

त्यानं हळूच मान वळवली. "गुलाम, चाळीस वर्षं मी बिनतिकीट उतारू पकडले. कोण झोपलंय आणि कोण झोपेचं सोंग करतंय, मला डब्याच्या दारातून कळायचं. घेऊन जा तुझं पुस्तक."

पालथ्या घड्यावर पाणी. येताना आसिताननं हातात उकडलेली चवळी दिली — खरीच, वाटी भरून. दोघी दारात उभ्या राहून हसलो. मग ती म्हणाली, "मी त्यांना नाही म्हणून कळवते, मावशी." मी म्हटलं, महिना संपू दे, मग बघू.

१० डिसेंबर

थंडी. एक पुस्तक चोरीला गेलं. कुणीतरी वाचतंय म्हणायचं!

१४ डिसेंबर

जिंकले! थोडंसं.

'तेनिनची होडी'ला जुन्या रेल्वे वेळापत्रकाचं वेष्टन चढवलं आणि आसितानकडून खुर्चीशेजारच्या चटईवर ठेववून घेतलं. वेळापत्रकं तो अजून वाचतो. न धावणाऱ्या गाड्यांची!

आज पुस्तक परत. पण सोबत निरोप काय? आसितानच्या शब्दांत — "बाबा भडकलेत. म्हणतात, पहिल्याच पानावर होडी उशिरा सुटते आणि का सुटते ते कुणी सांगत नाही. असा कारभार असेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही."

पहिलं पान वाचलं! वाचलं म्हणजे वाचलं!

मी तिला तिथंच मिठी मारली. म्हटलं, उशीर का झाला ते चौथ्या पानावर आहे, जा, सांग त्याला. ती गेली. संध्याकाळी उत्तर आलं — "चौथ्या पानापर्यंत उतारूंनी काय करायचं?"

१५ डिसेंबर

पुढे वाचलं नाही. विचारलं तीनदा.

१९ डिसेंबर

आसितान आज वाचनघरात येऊन मुलांच्या बाकावर बसली आणि ढसाढसा रडली. सिकासोहून फोन आला होता. येणार आहेस की नाही, आठवड्याभरात सांग, म्हणाले. दुसरी मुलगी वाट बघतेय त्या जागेसाठी. बाप म्हणतो "जा." म्हणतो आणि खुर्चीतून हलत नाही. सकाळपासून त्यानं तोंडसुद्धा धुतलं नव्हतं.

"मला राग येतो मावशी," ती म्हणाली. "त्यांची बायको गेली तेव्हा माझीही आई गेली, हे त्यांच्या लक्षातच येत नाही."

मी चहा केला, आमच्या रीतीनं एकाच पत्तीवर तीन फेऱ्या. पहिली फेरी कडू लागली दोघींनाही. तिसरीपर्यंत तिचं रडं थांबलं.

ती गेल्यावर मी 'तेनिनची होडी' काढून बसले. का मी याच पुस्तकाच्या मागे लागलेय? कपाटात चोरांच्या गोष्टी आहेत, राजांच्या आहेत, तो कुठलीही घेईल. पण मला माहीत आहे हे पुस्तक काय करतं. माझा नवरा मोदी फ्रान्सला गेला तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. जातो आणि बोलावतो, म्हणाला. आधी पत्रं, मग सणाचा निरोप, मग काहीच नाही. मी त्या वर्षी भांडी घासायची नाही, केस विंचरायची नाही. सासूबाई म्हणायच्या, ही जिवंत आहे की नाही कुणीतरी बघा गं. तेव्हा हे हाती लागलं. नवरा नदीनं गेला तो परतला नाही, म्हणून तेनिन स्वतः वल्हं हातात घेते. आधी गावातल्या बाया हसतात, मग तिच्याच होडीत बसतात. आणि शेवटी, केस पांढरे झाल्यावर, एका संध्याकाळी काठावरून हाक येते. त्याचाच आवाज! ती ऐकते. आणि होडी दुसऱ्या काठाकडे वळवते.

ते पान वाचून मी उठले आणि भांडी घासली. एवढंच झालं. पण त्या एवढ्यावर मी आजवर उभी आहे. खोटं कशाला लिहू?

२२ डिसेंबर

फान्ता कुयातेकडे गेले. भाटांच्या घरची बाई, रीतभात तिच्याइतकी कुणाला माहीत! तिला सगळं सांगितलं. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत ऐकत होती.

"म्हणजे तू त्याला पुस्तक विनोदानं दिलंस, उलटं बोलून दिलंस, चोरून दिलंस," ती म्हणाली. "मागितलं का एकदा तरी?"

"काय मागितलं?"

"अगं, तू दियारा ना? थट्टेचा नातेवाईक थट्टा सोडून खरं मागायला आला तर त्राओरेला नाही म्हणता येतं का? त्याच्या आजोबांना आलं नव्हतं, त्याला येणार आहे?"

ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते असं वापरतात का? दोन भाऊ कोयते घेऊन उभे राहिले की मध्ये थट्टेच्या नात्यातला माणूस जातो आणि म्हणतो, माझ्यासाठी सोडा. ते सोडतात. मोडलेलं लग्न त्यानं जुळतं. एवढी मोठी गोष्ट, ती एका पुस्तकासाठी खर्च करायची? लोक हसतील!

फान्ता म्हणाली, "लोक हसतीलच. माणूस बुडतोय की नाही ते सांग."

२३ डिसेंबर

गेले. नवी वस्त्रं नेसून गेले, डोक्याला निळा रुमाल. दारात चपला काढल्या.

त्राओरे म्हणाला, "काय गं गुलाम, चवळी संपली?"

मी उत्तर दिलं नाही. त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. दोन्ही हातांनी पुस्तक पुढं केलं.

त्याचा चेहरा उतरला. "कोण गेलं?" असं विचारलं, अगदी हळू. इतक्या वर्षांत मी त्याच्यापुढे न हसता कधी उभीच राहिले नव्हते ना!

"कोणी गेलं नाही, त्राओरे. मी मागायला आलेय. हे वाच. शेवटपर्यंत. माझ्यासाठी."

आसितान दारात, हातात परात तशीच. मग त्यानं घोंगडीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि पुस्तक घेतलं.

"उठ," म्हणाला. "गुडघे दुखतील तुझे."

घरी येईपर्यंत एकच घोर. आता त्यालाच आवडलं नाही तर? तेवढं मात्र मागता येत नाही. मागितलं तरी कुणी देऊ शकत नाही.

२४ डिसेंबर

आसितान म्हणते, वाचतोय. खुर्ची वळवली — रुळांवर ऊन येतं, डोळे दिपतात म्हणून. वळवली!

तिनं सिकासोला फोन केला. जानेवारीअखेरपर्यंत थांबा म्हणाली. थांबतो म्हणाले.

२७ डिसेंबर

वाचतोय. मध्येच "बावळट!" असं ओरडला म्हणे. कुणाला ते कळलं नाही.

३० डिसेंबर

निरोप नाही. मला भूक नाही. एखाद्यानं माझी मुलगी बघायला यावं आणि आत बसून काही बोलूच नये, तसं झालंय.

२ जानेवारी

काय दिवस! लिहिताना हात थांबत नाही.

सकाळी वाचनघराचं कुलूप काढते तोच मागून कुणी तरी खाकरलं. वळून बघते तर त्राओरे! उभा! आंघोळ करून, दाढी करून, डोक्यावर स्टेशनमास्तरची टोपी. गाडी बंद झाल्यापासून हा माणूस अंगणाबाहेर पडला नव्हता. घरापासून इथवर चालत आला होता, घाम फुटला होता, आणि रागानं नुसता लालबुंद!

"ही बाई," पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला, "ही तेनिन — हिचा परवाना काढून घ्यायला पाहिजे!"

"बस आधी."

"बसत नाही! उतारू काठावर उभा आहे. हाक मारतोय. तिनं ऐकलंय. आणि ती होडी वळवते? उतारू सोडून?"

"तो उतारू नाही. तो तिला टाकून गेलेला नवरा आहे."

"फलाटावर उभा असेल तो उतारू! मी काय प्रत्येकाला विचारायचो का, बाबा तू बायकोशी कसा वागलास? गाडी सगळ्यांसाठी थांबते."

"होडी तिची आहे, त्राओरे. तुझ्या रेल्वेची नाही."

"नदी तिची आहे का?"

असं तासभर. आवाज एवढा चढला की बाजारात चाललेल्या बाया टोपल्या खाली ठेवून खिडकीत जमल्या. एकीनं विचारलं, "कोण कुणाला सोडून गेलं?" मी सांगितलं. त्यानंही सांगितलं — वेगळंच! मग बायांनी म्हटलं, तुम्ही दोघं खोटं बोलताय, वाचून दाखवा. आणि त्राओरेनं, या त्राओरेनं, टोपी सरळ केली आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. स्टेशनवरचाच तो आवाज. लांबच्या फलाटापर्यंत पोचणारा! वाचून झालं. मग एक म्हातारी पुढं आली, म्हणाली, "बरं केलं पोरीनं." आणि टोपली उचलून गेली.

"बघ!" मी म्हटलं.

"एका मतानं काही होत नाही," तो म्हणाला. "उद्या येतो."

उद्या येतो! ऐकलंस का, वही? उद्या येतो म्हणाला!

५ जानेवारी

रोज येतोय. आता पहिल्या पानापासून वाचून दाखवतो, कारण बायांचं म्हणणं, शेवट आधी ऐकला तरी सुरुवात कळायलाच हवी. बाक पुरत नाहीत. चांभार आपली पेटी घेऊन दारातच बसतो. गावात दोन तट पडलेत. वळवावी आणि थांबावी. फान्ता कुयाते दोन्हीकडे असते, ज्याच्या घरी चहा चांगला त्याच्याकडे.

आसितान सांगते, काल रात्री बाबांनी दोन वेळा बाजरीची उकड मागून घेतली, भेंडीच्या रश्शासोबत. ताट पुसून खाल्लं.

मी मनात म्हटलं, सिरान तांगारा बाई, जिथं असाल तिथं तुमचं कल्याण होवो.

८ जानेवारी

पुस्तकाची शिवण सुटली. त्राओरेनं घरून जाड दोरा आणला आणि स्वतः शिवली. "हिचं काम चांगलं आहे," पुस्तकाबद्दल म्हणाला, "पण बांधणी रेल्वेची नाही."

आणि पुस्तक कसं आहे? विचारायचा धीर नाही झाला. भांडतोय तेवढं पुरे.

१२ जानेवारी

आज जरा वेगळं झालं.

बाया निघून गेल्या होत्या. मी कपाटं पुसत होते. त्राओरे बाकावरून उठला नाही. म्हणाला, "तुझा मोदी माझ्याच फलाटावरून गेला. हिरवा बावटा मीच दाखवला होता. आठवतं?"

"आठवतं."

"उद्या आला, आणि वाचनघराच्या दारात उभा राहून हाक मारली तर?"

"होडी वळवीन," मी म्हटलं. लगेच! जीभ अडखळलीसुद्धा नाही. त्यालाच हसू आलं.

मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "तू सगळं पुस्तक होडीत बसून वाचलंस, सानाबा. मी काठावरून वाचलं. माझी बायको गेली, गाडी गेली. मी हाका मारतोय आणि कुणी इकडे वळतच नाही. तो माणूस वाईट असेल. पण काठावर अंधार पडत असतो गं."

पहिल्यांदाच नावानं हाक मारली. गुलाम नाही, चवळीखाऊ नाही.

इतकी वर्षं ते पान मी पाठ म्हणतेय, पण त्या काठावरच्या माणसाकडे कधी वळून बघितलं नव्हतं. तेनिननं बरोबरच केलं, हे माझं मत तेच आहे. पण आता मला तो तिथं उभा दिसतो. हे त्राओरेनं केलं. माझंच पुस्तक मला परत वाचायला लावलं, मेल्यानं!

१६ जानेवारी

आसिताननं सिकासोला होकार कळवला. कळवला! मी आणि फान्ता रस्त्यातच नाचलो. फान्तानं माझ्या कुळाची स्तुती गायला सुरुवात केली तेवढ्यात त्राओरे आला. म्हणाला, "चवळीचं कूळ, गा गा, लवकर संपेल."

सगळं पूर्वपदावर!

२७ जानेवारी

आसितान गेली. बसनं. बसथांब्यावर बाप आला नाही, आणि येणारही नव्हता. बसनं रेल्वे खाल्ली असं तो म्हणतो; बसमध्ये पाय ठेवणार नाही ही त्याची शपथ सगळ्या किताला पाठ आहे. घरीच निरोप घेतला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जा. पोरं सुखरूप आण जगात. उशीर झाला तर कारण लिहून ठेव."

बस सुटताना ती खिडकीतून ओरडली, "मावशी, त्यांना दुसरं पुस्तक द्या आता!"

दिलंच समज. तीन काढून ठेवलीत.

२८ जानेवारी

त्राओरे आला नाही. बाया वाट बघून गेल्या.

२९ जानेवारी

आजही नाही. घराला कडी. खुर्ची अंगणात रिकामी, त्यावर धूळ बसलेली. आसितानला फोन करू की नको? पोरीचा पहिला आठवडा! आणि केला नाही आणि काही झालेलं असलं तर? मी म्हटलं होतं तिला, मी आहे. कसली मी! हुरळून गेले. चार दिवस गर्दी जमली की माणूस बरा झाला असं वाटतं आपल्याला. विहिरीपर्यंत जाऊन आले. रुळांवरून लांबवर चालत गेले, हाका मारल्या. लिहायला लाज वाटते, पण झुडपांतसुद्धा बघितलं.

३० जानेवारी

सापडला! म्हणजे इथं नाही, पण सापडला!

चांभार बसथांब्यावर गेला होता. तिकीटवाला म्हणाला, टोपीवाला म्हातारा? तो तर परवा पहाटेच्या बसनं गेला. बामाको, आणि तिथून पुढं सेगू. बसनं! त्राओरे! तिकीटवाल्याला म्हणे वेळेवरून झापलं, ड्रायव्हरशेजारची जागा घेतली, आणि विचारलं कशाला चाललात तर म्हणाला, "एका बाईला जाब विचारायचाय."

मी धावत वाचनघरात आले. कपाट उघडलं. 'तेनिनची होडी' नाही! मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलंय ना — लेखिका सेगूत नदीकाठी राहते. निघाला भांडायला, वाचनघराची एकुलती एक प्रत काखोटीला मारून. न विचारता! शेवटी त्राओरे तो त्राओरेच.

मी खुर्चीत बसले आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते नुसतंच पाणी येत राहिलं. आसितानला फोन केला. ती आधी किंचाळली, मग तीही हसायला लागली. दोघी फोनवर नुसत्या हसत होतो, बोलत काहीच नव्हतो.

१ फेब्रुवारी

बाया विचारतात, मास्तर कधी येणार? मी म्हटलं, भांडण संपलं की. म्हणजे लवकर नाही.

४ फेब्रुवारी

फोनवर त्राओरेचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. जसा ऐकला तसा लिहिते.

"ए चवळीखाऊ. सापडली तुझी सिरान तांगारा. थकलीय. दिसत नाही, आणि काही आठवतही नाही. ना तेनिन, ना होडी. नातीनं सांगितलं, आजीला आपण लिहायचो हेही माहीत नाही. मी भांडण गिळलं. निघालो तर तिनंच हात धरला. म्हणाली, मास्तर, दिवस सरत नाही, ऐकायला काही चांगलं माहीत आहे का? मी म्हटलं, आहे एक. माझं सगळ्यात आवडतं. तर इथंच राहिलोय, रोज थोडं वाचतो. आज मध्येच थांबवलं मला. म्हणाली, ही बाई लिहिते छान, तिला माझा निरोप पोचवा."